अंगणवाडीतलं अंगण

अंगणवाडी हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, ते कुणी मोजलं नसेल. अंगणवाडीत वजन आहे, अंगणवाडीत डोस आहे, अंगणवाडीच्या ताई घरी येऊन गेल्या. बोलून बोलून शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्यात ‘अंगण’ आहे हे कानाला कळतच नाही. गटाच्या बैठकीत आम्ही सहज विचारलं, हिला अंगणवाडी का म्हणतात? बऱ्याच जणींनी सांगितलं, सरकारनं नाव ठेवलं म्हणून. सरकारनं नाव उचललं हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधी ते नाव समुद्रकाठच्या एका गावात दोन बायकांच्या कामातून रुजलं होतं. आज त्या अंगणाचा इतिहास सांगायचा आहे, आणि त्याच्या ओघात शाळेच्या मधल्या सुट्टीचाही.

सुरुवात आपल्याच खेळांपासून करू. आपल्याकडे मुलग्यांचा खेळ रोजचा असायचा. विटीदांडू, गोट्या, सूरपारंब्या, लगोरी, हुतूतू. शाळा सुटली की दप्तर कोनाड्यात आणि पोरगा पारावर. मुलींचा खेळ मात्र तिथीचा. नागपंचमीला झोका, श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गौरींपुढे फुगडी आणि झिम्मा, हस्त नक्षत्र लागलं की भोंडला. कुठे त्याला हादगा म्हणतात, विदर्भात भुलाबाई. त्या रात्री सासुरवाशिणीलाही कुणी अडवत नसे, म्हणून तर आपल्या आज्या त्या रात्रींची आठवण काढताना तरुण दिसायच्या. तिथी उलटली की परत चूल आणि पाणी. रोजचा म्हणून मुलींना जो खेळ उरला तो उंबऱ्याच्या आतला, सागरगोटे, काचापाणी, भातुकली. भातुकलीत तर खेळतानासुद्धा स्वयंपाकच करायचा!

शाळा तर खेळाच्या उलट्या टोकाला. जुन्या पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, पाढे ओरडून पाठ करायचे आणि चुकलं की छडी. पुढे इंग्रजी अमदानीत घंटा आली, वेळापत्रक आलं. खेळ शिकण्याचाच भाग आहे असं मानणारी माणसं मात्र थोडी होती. ‘अभ्यास सोडून खेळतोस काय’ हे वाक्य त्या काळापासून घराघरात आहे. अजून ते निवृत्त झालेलं नाही.

हे उलटं करून बघायचं धाडस गुजरातेत एका वकिलानं केलं. गिजुभाई बधेका त्यांचं नाव. १९२० साली त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. मारायचं नाही, घोकायला लावायचं नाही, गोष्टी सांगायच्या, खेळू द्यायचं. त्यांच्या भरघोस मिशांमुळे आणि मायेमुळे लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई म्हणायचे. इटलीतल्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांच्या कामाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या इमारतीत पहिलं बालघर उघडलं होतं. आईबाप कामाला गेले की तिथली लहान पोरं जिन्यांवरून धावायची, भिंती खराब करायची, म्हणून इमारतीच्या मालकांनाच ती कुठेतरी गुंतवून ठेवायला हवी होती. आईबाप मजुरीला आणि पोरं उनाड, हे दुखणं रोमचं काय आणि आपलं काय, एकच.

गिजुभाईंच्या या कामात पुढे ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. त्या १८९२ साली मुंबईत जन्मल्या. बी. ए. झालेल्या. त्या काळात बाईनं एवढं शिकणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात त्या प्राचार्य होत्या. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला लहान मुलांत येऊन बसल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवलं आणि ते नावाजलं गेलं. पण तिथे येणारी मुलं शहरातली, शिकलेल्या घरांतली होती, आणि ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. खेड्यातल्या मुलाचं काय? हा प्रश्न घेऊन १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. ज्या वयात आपल्याकडे बाईला लोक आता माळ घेऊन बसा म्हणतात, त्या वयात.

बोर्डी डहाणू तालुक्यात, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेजवळ. समोर समुद्र, मागे चिकूच्या वाड्या आणि त्यांच्या मागे वारली आदिवासींचे पाडे. तो काळही ध्यानात घ्या. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही सावकाराकडे राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. याच भागात, त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकर वारल्यांना या वेठीविरुद्ध उभं करत होत्या. एका बाजूला मोठी माणसं वेठीतून सुटू बघत होती आणि थोड्याच अंतरावर ताराबाई लहान मुलांसाठी ग्राम बाल शिक्षा केंद्र मांडत होत्या. दोन्ही कामं वेगळी, पण आमच्या नजरेत ती शेजारी शेजारी उभी राहतात.

ताराबाईंच्या मदतीला आल्या अनुताई वाघ. १९१० साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला जन्मलेल्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. ज्या वयात पोरी झोक्यावर असतात त्या वयात आयुष्य संपल्याचं लोकांनी ठरवून टाकलं. पण घरच्यांनी शिकवलं, त्या शिक्षिका झाल्या, पुण्याला हुजूरपागेत शिकवू लागल्या. ती नोकरी सोडून १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या त्या पुढची सत्तेचाळीस वर्षं त्याच भागात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली. शहाणपणानं, नीटनेटकी. आणि ज्यांच्यासाठी मुख्य धडपड होती तीच मुलं येईनात. कारणं तुम्हाला आमच्याइतकीच ठाऊक आहेत. अंगावर कपडा नाही. पोरीच्या कडेवर धाकटं भावंड. पोरगा गुरांमागे. आई पहाटेच कामाला गेलेली, तयार करून धाडणार कोण? शिवाशीव होती, त्यामुळे गावातल्या बालवाडीच्या दारात उभं राहायचीही भीती. अशा वेळी बाकीचे काय करतात? हजेरीपटावर गैरहजर लिहितात आणि पालकांना दोष देतात. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वस्तीत, पाड्यात नेली. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात जाईल. एखाद्या झोपडीपुढचं सारवलेलं अंगण, नाहीतर झाडाची सावली, तीच शाळा. अंगणातली बालवाडी ती अंगणवाडी.

तिथे पहिलं काम असायचं मुलांना अंघोळ घालायचं. नखं काढायची, केस विंचरायचे, डोळे पुसायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. मॉन्टेसरीबाईंची साधनं रंधा मारलेल्या लाकडाची, महागडी. ती पाड्यावर कुठून आणणार? आणि आणली तरी जपायची कशी? म्हणून शंखशिंपले, खडे, बिया, पानं, बांबूचे तुकडे, माती ही खेळणी झाली. समुद्र आणि रान दोन्ही जवळ, फुकट आणि न संपणारं. मोठ्या-लहान शिंपल्या वेगळ्या करायच्या, बिया दहा-दहाच्या ढिगांत लावायच्या, पानं आकारानं जुळवायची.

इथे जरा थांबू या, कारण ‘पोरं नुसती खेळतात, शिकवत काही नाहीत’ ही तक्रार आजही आपल्या ओट्यांवर चालते. चिंचोका चिमटीत धरणारी बोटंच पुढे पेन्सिल धरतात. बोटांत बळ येण्याआधी हातात पाटी दिली की मूल अक्षराला घाबरतं. बियांचे ढीग लावलेल्या मुलाला दहक म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. धावणं, उडी, तोल सांभाळणं यातून अंग घडतं, ते बसून घडत नाही. आणि खो मिळेपर्यंत जागेवर बसून राहायचं, हे लहान पोराला दुसऱ्या कुठल्या उपायानं शिकवून बघा बरं! घरात शंभर वेळा ‘थांब’ म्हटलं तरी न थांबणारं पोर खोखोच्या पाटीवर मुकाट बसतं.

डोळ्यांचंही एक सांगतो. चीनमध्ये ग्वांगझू नावाचं शहर आहे, तिथे लहान मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचं, चष्मा लागण्याचं प्रमाण फार वाढलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी बारा शाळा घेतल्या. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त उघड्यावर ठेवलं, बाकीच्या सहा शाळा होत्या तशाच चालू दिल्या. तीन वर्षांनी मोजलं तेव्हा नेहमीच्या शाळांत शंभरातल्या जवळपास चाळीस मुलांची नजर अधू झालेली होती, जास्त बाहेर राहिलेल्यांत तीस. २०१५ साली हे छापून आलं. औषध नाही, यंत्र नाही, चाळीस मिनिटं उजेड. आपल्याकडे तो फुकट आहे, आणि आपण पोरांच्या हातात मोबाइल देऊन दार लोटतो.

परत डहाणूला येऊ. १९५६-५७च्या सुमारास केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट वारल्यांच्या मुलखात. इथे या बायकांनी जे केलं ते आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. शाळेच्या वयाच्या पोरी येत नसत, कारण घरचं तान्हं त्यांच्या कडेवर असायचं. आठ-नऊ वर्षांची पोर म्हणजे घरातली दुसरी आई. तिला शाळेत बोलावून तान्ह्याला कुठे ठेवायचं? उपाय असा काढला की पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. पोर भावंडाला घेऊनच यायची, तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, आणि ही स्वतः वर्गात. मैत्रिणींनो, कडेवरचं ओझं उतरलं तेव्हा त्या पोरीचे दोन्ही हात मोकळे झाले. टाळी द्यायला, फुगडी धरायला, पाटी धरायला. आपल्यातल्या कितीजणी भावंडं वाढवता वाढवता मोठ्या झाल्या, ते आठवून बघा, म्हणजे विकासवाडीची किंमत कळेल. मोठमोठ्या योजनांच्या पुस्तकांत मुलींच्या गळतीची कारणं लिहिलेली असतात. या दोघींनी कडेवरचं मूल बघितलं.

मुलग्यांसाठी कुरणशाळा. मुलगा गुरं सोडून येऊ शकत नाही, मग शाळा कुरणात. गुरं चरतायत आणि झाडाखाली शिकणं चाललंय. गुरं मोजा, झाडं ओळखा, पक्षी ओळखा, गाणं म्हणा. गुरं लांब गेली की शाळा त्यांच्यामागे. या शाळेत मधली सुट्टी कुठली आणि तास कुठला, हे वेगळं काढता आलं नसतं.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी पुढचं काम ओढलं आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक लिहिलं. वाचनालयात मिळालं तर जरूर घ्या, सोपं आहे, गटात मोठ्यानं वाचण्याजोगं आहे. १९९२ मध्ये त्याही गेल्या.

ताराबाईंच्या मागे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, सुरुवातीला देशभरात ३३ ठिकाणी. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज पंजाबातली बाई आणि तामिळनाडूतली बाईही हा शब्द ओळखते. योजनेत सहा कामं धरली होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणं, आयाबायांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि शाळेआधीचं शिक्षण. या शेवटच्या कामात खेळ होता. पण सहापैकी ज्याचा आकडा वर कळवता येतो ते काम पुढे सरकलं. वजनाचा आकडा असतो, पाकिटांचा आकडा असतो, लसींचा असतो. फुगडीचा आकडा कुठल्या रकान्यात भरणार? यात सेविकाताईंना बोल लावायचा नाही. त्यांच्याकडे रजिस्टरं किती, मोबाइलवर भरायचं किती, मानधन किती, ते आपण बघतोच. आमचं म्हणणं इतकंच की अंगणातून निघालेल्या वाडीला खोली मिळाली, दार मिळालं, रंगवलेल्या भिंती मिळाल्या आणि पुष्कळ ठिकाणी अंगण मात्र उरलं नाही. भिंतीवर झोका खेळणारी मुलगी रंगवलेली असते. झोका नसतो.

शाळेचंही तसंच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेला काय काय हवं याची जी यादी कायद्याला जोडली आहे, तिच्यात स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याबरोबर खेळाचं मैदान लिहिलेलं आहे. खेळाचं साहित्यही लिहिलेलं आहे. म्हणजे मैदान ही गुरुजींची मेहेरबानी नाही. आपल्या गावातलं मैदान कागदावर कुणाचं आहे, हे ग्रामपंचायतीत नाहीतर तलाठ्याकडे विचारता येतं. उतारा मागा. काही ठिकाणी मैदानावर मंडप असतो, काही ठिकाणी पुढाऱ्याच्या गाड्या, काही ठिकाणी कुणाचं तरी सोयाबीन वाळत असतं. सोयाबीन आपल्याच घरचं असतं, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि मधली सुट्टी. इथे आपला थेट संबंध येतो. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळेत शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला आणि पुढे आपल्याकडे बऱ्याच गावांत खिचडी रांधायचं काम बचत गटांकडे आलं. आमच्यातल्याही काहीजणी ते काम करतात. त्यामुळे मधली सुट्टी आम्हाला चुलीपाशी उभ्या राहून दिसते, तशी ती गुरुजींनाही दिसत नसेल. एका शाळेत आम्ही काही दिवस नुसतं बघितलं. घंटा झाली की रांग. हात धुवायला एकच नळ, तिथे दुसरी रांग. जेवण, मग ताट धुवायला पुन्हा तोच नळ. लहान पोरांची सुट्टी नळापाशीच संपायची. मोठ्या मुलग्यांचं जेवण उभ्या उभ्या उरकायचं आणि ते क्रिकेटला पळायचे. एक बॅट, एक चेंडू आणि सगळं मैदान त्यांचं. सहावी-सातवीच्या पोरी वाढायला थांबायच्या, मग ओटा झाडायच्या, मग भिंतीला टेकून उभ्या. कुणी त्यांना खेळू नका म्हटलं नव्हतं. तसं म्हणायची गरजच पडत नव्हती.

शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, हे त्याच कायद्यात आहे. आमच्या दोघी समितीवर होत्या. त्यांनी बैठकीत तीन गोष्टी मांडल्या. हात धुवायला नळाशेजारी तोट्या लावलेली टाकी ठेवा. वाढायची आणि झाडायची पाळी वर्गवार लावा, मुलगेही त्यात. आणि आठवड्यातले तीन दिवस मैदान खोखो आणि लंगडीला द्या. टाकी पंधरा दिवसांत आली. पाळीचा तक्ता लागला, तो कधी पाळतात, कधी नाही. मैदानावरून भांडण झालं. एका पालकानं विचारलं, पोरींना खेळून करायचंय काय? २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी जिंकला आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आम्ही ते सांगितलं. ते ऐकून घेतलं गेलं, पण आमच्या मते खरं उत्तर ते नाहीच. विश्वचषक एकीला मिळतो. दुपारची वीस मिनिटं मोकळं धावणं सगळ्या पोरींच्या वाट्याचं आहे, त्यातून पुढे काही निघो न निघो.

तीनातले दोन दिवस मिळाले, मंगळवार आणि शुक्रवार. मंगळवारी पोरी खोखो खेळतात. शुक्रवारी लंगडी ठरली होती, पण त्या फुगडी घालतात, आणि आता पहिली-दुसरीचे मुलगेही त्यात शिरतात.

पुढच्या कार्यक्रमात आम्हाला तुमच्या गावातले खेळ सांगायचे आहेत. तुम्ही लहानपणी काय खेळत होतात, त्याला तुमच्याकडे काय नाव होतं, किती जणी लागायच्या, कुठे खेळायचात, ते गटाच्या वहीत लिहून आमच्या ताईंजवळ द्या. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ. ठिकरीलाच आत्तापर्यंत आमच्याकडे चार नावं जमली आहेत.